कोंडा, मोहाची पेंड आणि साबणाचा फेस

दिवाळीच्या सुमारास किन्हवली परिसरातील खळ्यांवर भाताची झोडणी सुरू होते. भात गिरणीत जाते, तांदूळ घरी येतो आणि कोंडा गुरांपुढे पडतो. पावसाळ्याच्या तोंडाशी शहापूर-मुरबाडच्या रानात मोहाच्या बिया गोळा होतात. त्यांचे तेल काढल्यावर कडवट पेंड उरते. कवडीमोल समजल्या जाणाऱ्या ह्या दोन्ही पदार्थांत मळ काढणारे द्रव्य दडलेले आहे. ते कसे, हे आम्ही येथे थोडक्यात मांडत आहोत.

साबण असो वा डिटर्जंट, त्यातील कर्त्या घटकाला सर्फॅक्टंट म्हणतात. त्याच्या कणाचे एक टोक पाण्याला धरते, दुसरे तेलाला. त्यामुळे पाण्याचा पृष्ठताण कमी होतो व तेलकट मळ सुटून पाण्याबरोबर निघून जातो. मळ गेला, परंतु ते द्रव्य पुढे कोठे जाते? 1950 च्या दशकात युरोप-अमेरिकेतील नद्यांवर फेसाचे डोंगर उभे राहिले, कारण त्या वेळच्या डिटर्जंटची फाटे फुटलेली रेणूसाखळी जिवाणूंना तोडता येत नव्हती. जर्मनीने 1961 मध्ये कायदा केला आणि सरळ साखळीची, जिवाणूंना पचणारी द्रव्ये वापरात आली. जिवाणू ज्याचे तुकडे करून संपवू शकतात, ते जैवविघटनशील. पोप फ्रान्सिस ह्यांनी 2015 च्या ‘लाउदातो सी’ ह्या विश्वपत्रात पाण्याविषयी लिहिताना नद्या-समुद्रांत मिसळणाऱ्या डिटर्जंटचा मुद्दाम उल्लेख केला आहे. ज्या शहापूर तालुक्यातील भातसा व तानसा जलाशयांतून मुंबईची तहान भागते, त्याच तालुक्यातील अनेक पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. तेथे हा प्रश्न पुस्तकी उरत नाही.

आता कोंड्याकडे वळू. चांगल्या कोंड्यात साधारण 15 ते 20 टक्के तेल असते. मात्र भात भरडताच कोंड्यातील विकर ह्या तेलाचे विघटन करू लागते आणि ते काही तासांतच आंबट होऊ लागते. खाण्याच्या तेलासाठी हा मोठा दोष. साबणासाठी मुळीच नाही, कारण साबण त्या आम्लांपासूनच बनतो. अडचण वेगळीच आहे. गावातील जुन्या हलरमध्ये कोंडा व तूस एकत्र पडतात, आणि अशा मिश्रणात तेलाचे प्रमाण फारच कमी भरते.

मोहाच्या पेंडीतील सॅपोनिन हे तर निसर्गाचेच सर्फॅक्टंट. रिठा आणि शिकेकाईला फेस येतो तो ह्याच वर्गातील द्रव्यांमुळे. परंतु हेच सॅपोनिन माशांना मारते. मत्स्यतळ्यात बीज सोडण्यापूर्वी नको असलेले मासे काढण्यासाठी हेक्टरी 2000 ते 2500 किलो मोहाची पेंड टाकतात, आणि सुमारे दोन-तीन आठवड्यांनी विषारीपणा ओसरल्यावरच बीज सोडतात. द्रव्य विघटनशील आहे ह्याचा पुरावा ह्याच तळ्यात मिळतो, आणि ‘नैसर्गिक’ म्हणजे ‘निरुपद्रवी’ नव्हे ह्याचाही. जाहिरातींतील पानाफुलांच्या चित्रांवर भुलणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

ह्यापुढचा टप्पा जिवाणूंकडून सर्फॅक्टंट बनवून घेण्याचा आहे. ‘स्यूडोमोनास एरुजिनोसा’ हा जिवाणू तेल वा साखर खाऊन ‘ऱ्हाम्नोलिपिड’ नावाचे द्रव्य तयार करतो. साखर कारखान्याची मळी, तेलगिरणीतील टाकाऊ तेल अशा स्वस्त खाद्यांवर भारतातही संशोधन झाले आहे. 2024 मध्ये स्लोव्हाकियात मक्याच्या साखरेपासून, निरुपद्रवी जिवाणूकरवी हे द्रव्य बनवणारा मोठा कारखाना सुरू झाला. खाद्य स्वस्त असले तरी द्रव्य वेगळे करून शुद्ध करण्याचा खर्च जड जातो. शिवाय मूळचा जिवाणू दुबळ्या रुग्णांस जंतुसंसर्ग करणारा आहे. हा प्रयोग घरी वा बचत गटात कोणी करू नये.

बचत गटांच्या आवाक्यात आहे तो कोंड्याच्या तेलाचा साबण, तोही तूस वेगळे काढणाऱ्या गिरणीतून ताजा कोंडा तेलगिरणीपर्यंत पोहोचला तर. पेंडीचे वा साबणाचे पाणी मात्र ओढ्यात सोडू नये. साबणाचे पाणी परसातील केळी-अळूच्या वाफ्यात मुरू द्यावे. मातीतील जिवाणू आपले काम करतात.