भाकरी आणि कोरड्यास : कर्जत तालुक्यातील आहाराची परीक्षा

निरोगी राहण्यासाठी मानवी शरीरास काय काय घ्यावे लागते, या प्रश्नाचे उत्तर पाठ्यपुस्तकांत प्रथिने, पिष्टमय पदार्थ, स्निग्ध पदार्थ, जीवनसत्त्वे, क्षार व पाणी अशा नामावळीने दिलेले असते. नामावळी बरोबर आहे. परंतु मनुष्य नामावळी खात नाही, तो भाकरी खातो. म्हणून एखाद्या प्रदेशातील ताट समोर ठेवूनच हा विचार करणे अधिक फलदायी ठरते. येथे अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील कर्जत तालुका घेतला आहे. रायगड जिल्ह्यातील भातखाऊ कर्जत तो वेगळा.

हा तालुका अवर्षणप्रवण आहे. काळ्या जमिनीत साठलेल्या ओलीवर सप्टेंबर-ऑक्टोबरात ज्वारी पेरावयाची आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये काढावयाची, हा येथील जुना क्रम होय. त्यामुळे ज्वारीची भाकरी हे मुख्य अन्न, आणि तिच्याबरोबर जे काही तोंडी लावावयाचे ते कोरड्यास. वस्तुतः आरोग्याच्या दृष्टीने परीक्षा व्हावयास हवी ती या दुय्यम समजल्या जाणाऱ्या कोरड्यासाची.

प्रथम भाकरीचा हिशेब पाहू. अर्धा किलो ज्वारीच्या पिठातून सुमारे १,६७० उष्मांक, ५० ग्रॅम प्रथिने, २० मिलिग्रॅम लोह आणि अवघे १४० मिलिग्रॅम कॅल्शियम मिळते. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने २०२० मध्ये ठरविलेल्या प्रमाणांनुसार ५५ किलो वजनाच्या, मध्यम श्रम करणाऱ्या स्त्रीस रोज २,१३० उष्मांक, सुमारे ४६ ग्रॅम प्रथिने, २९ मिलिग्रॅम लोह व १,००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते. म्हणजे पोट भरले, प्रथिनेही कागदावर पुरी झाली. कॅल्शियम मात्र सातव्या हिश्श्याइतकेच मिळाले. क जीवनसत्त्व वाळलेल्या धान्यात जवळजवळ नसतेच, आणि बी-१२ तर कोणत्याही धान्यात नसते; ते दूध, अंडी व मांस यांतूनच मिळते.

प्रथिनांची पूर्तताही कागदावरचीच आहे. प्रथिने ही अमिनो आम्लांची बनलेली असतात व त्यांतील काही शरीर स्वतः तयार करू शकत नाही. लायसीन हे असेच एक. वर सांगितलेल्या स्त्रीस ते रोज सुमारे १.६५ ग्रॅम हवे. अर्धा किलो ज्वारीतून ते सव्वा ग्रॅमही मिळत नाही. शिवाय ज्वारीची प्रथिने शिजल्यावर पचावयास काहीशी जड होतात. मात्र त्याच पिठातील १०० ग्रॅम कमी करून तेवढी हरभऱ्याची डाळ घेतली, तर लायसीन दोन ग्रॅमच्या वर जाते. पिठले-भाकरी, मटकीची उसळ, हुलग्याची शेंगोळी ही गरिबाची जेवणे म्हणून हिणविली जातात. पोषणशास्त्र त्यांना उत्तम जोड मानते. पिठल्यात पीठ किती आणि पाणी किती, एवढेच पाहावयाचे.

लोहाची गोष्ट याहून अवघड आहे. धान्यातील फायटेट हे द्रव्य लोहास बांधून ठेवते. त्यामुळे खाल्लेल्या लोहाचा अल्पसा भागच रक्तात पोहोचतो. जेवणाबरोबर क जीवनसत्त्व असले म्हणजे हे बंधन सैल होते. लिंबाची फोड, कच्ची कोथिंबीर, हिरवी मिरची यांचे मोल चवीपुरते नाही ते याचमुळे. उलट जेवणावर लगोलग घेतलेला चहा लोहाच्या शोषणास अडथळा करतो. पुरुषास लोह १९ मिलिग्रॅम पुरते, स्त्रीस त्याच्या दीडपट लागते. आणि अनेक घरांत शेवटी जेवते ती स्त्रीच. तोवर दुरडीत भाकरी असते, पातेल्यात कालवण नसते.

केवळ ज्वारीवर राहिल्यास काय होते, याचे दारुण उदाहरण दख्खनच्याच पठारावर सापडले. उन्हाने उघड्या पडणाऱ्या मानेवर व हातांवर काळे चट्टे, अतिसार आणि बुद्धिभ्रंश ही पेलाग्रा रोगाची लक्षणे. तो मक्यावर राहणाऱ्यांचा रोग समजला जाई. परंतु हैदराबादच्या पोषण संशोधनशाळेतील गोपालन व श्रीकांतिया यांना तो ज्वारी खाणाऱ्या गरिबांत आढळला. ज्वारीतील ल्युसीनच्या आधिक्याने नायसिन या जीवनसत्त्वाचा शरीरातील मेळ बिघडतो, असे मत त्यांनी १९६० मध्ये मांडले. त्या कारणमीमांसेविषयी पुढे मतभेद झाले. परंतु ताटात ज्वारीखेरीज फारसे काही नसणाऱ्यांनाच हा रोग गाठतो, याविषयी नाही.

दुष्काळाचा धोका येथेच आहे. पाऊस हुकला की प्रथम भाजी जाते, मग दूध आटते, डाळ महागते. भाकरी बहुधा शेवटी जाते. १९७२ च्या दुष्काळात अमेरिकेतून आलेली तांबडी मिलो ज्वारी लोकांनी खाल्ली व कामांवर सुकडी वाटली गेली. उपासमारीपासून त्याने बचाव झाला. ताज्या पाल्याची उणीव धान्याने भरून निघत नाही.

आता कुकडीच्या कालव्याने तालुक्याच्या काही भागांत ऊस आला आहे, आणि भाकरीच्या जागी पोळीही येऊ लागली आहे. पोळीस प्रतिष्ठा आहे, परंतु लायसीन गव्हातही उणेच. कोरड्यासाची गरज तिने टळत नाही. थोड्या पाण्यावर तग धरणारा बांधावरचा शेवगा या दृष्टीने लक्षणीय होय. त्याच्या १०० ग्रॅम ताज्या पाल्यात ३०० मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असते. तेवढ्याच गाईच्या दुधात ते सुमारे १२० मिलिग्रॅम असते. शेंगा बाजारात जातात, पाला झाडावरच राहतो.