‘ग्लुटेनविरहित’ आणि ‘लॅक्टोजविरहित’ : वेष्टनावरील दोन शब्द

पाकीटबंद खाद्यपदार्थांच्या वेष्टनांवर हे दोन शब्द पुष्कळदा शेजारी शेजारी छापलेले आढळतात, आणि त्यामुळे ते एकाच जातीचे असावेत असा ग्रह होतो. पथ्य नव्याने पाळू लागलेला मनुष्य दोहोंच्या बाबतीत सारखाच वागतो : पुडा आणतो, थोडे खाऊन पाहतो, आणि त्रास न झाल्यास तो पदार्थ आपल्याला चालतो असे ठरवतो. ही रीत एका बाबतीत योग्य तर दुसऱ्या बाबतीत घातक आहे. ती कशी, एवढेच प्रस्तुत टिपणात पाहावयाचे आहे.

लॅक्टोज ही दुधातील शर्करा. लहान आतड्याच्या रसांकुरांवरील लॅक्टेज हे एंझाइम तिचे ग्लुकोज व गॅलॅक्टोज यांत विघटन करते. ते अपुरे पडल्यास न पचलेली शर्करा मोठ्या आतड्यात आंबते, आणि पोटफुगी, जुलाब इत्यादी लक्षणे उद्भवतात. त्रास होतो खरा, परंतु आतड्याला इजा पोहोचत नाही. प्रश्न केवळ मात्रेचा असतो. लॅक्टेज कमी असलेल्या बहुतेक प्रौढांना एका वेळी सुमारे १२ ग्रॅम लॅक्टोज, म्हणजे साधारणतः पेलाभर दुधातील, फारशा तक्रारीवाचून सोसते. तेव्हा बिस्किटातील दूधभुकटीच्या अल्प अंशाने घाबरून जाण्याचे कारण नाही. थोडे खाऊन पाहणे हीच येथे शास्त्रीय पद्धती. लॅक्टोजविरहित दुधात तरी वेगळे काय असते? लॅक्टेज मिसळून त्यातील शर्करेचे आधीच विघटन केलेले असते, म्हणूनच ते अधिक गोड लागते. प्रथिने मात्र तशीच राहतात. दुधाची अ‍ॅलर्जी असलेल्यास ते वर्ज्यच होय.

ग्लुटेनची गोष्ट निराळी. गहू, सातू व राय या धान्यांतील या प्रथिनामुळे सीलिअ‍ॅक रोगात शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच रसांकुरांवर उलटते. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका इटालियन चाचणीत, रोज ५० मिलिग्रॅम ग्लुटेन तीन महिने घेतलेल्या रुग्णांच्या रसांकुरांची हानी सूक्ष्मदर्शकाखाली दिसून आली. एवढे ग्लुटेन जेमतेम अर्ध्या ग्रॅम कणकेत असते! आणि अशी हानी पुष्कळदा कोणत्याही लक्षणावाचून होत राहते. येथे रुग्णाचे पोट हे विश्वसनीय परीक्षक नव्हे. म्हणून कोडेक्सने व भारतीय नियमांनी ‘ग्लुटेनविरहित’ या शब्दासाठी किलोमागे २० मिलिग्रॅम ही कमाल मर्यादा घातली आहे.

अर्थात वेष्टन वाचणे आले, आणि तेही बारकाईने. बाजारातील बांधानी हिंगात डिंकाबरोबर बहुधा मैदा असतो. त्यामुळे पोह्यांचा चिवडा किंवा उडदाचा पापडदेखील संशयास्पद ठरतो. कॉर्नफ्लेक्स मक्याचे खरे, परंतु त्यांत अनेकदा सातूच्या माल्टचा अर्क घातलेला असतो. ज्या गिरणीत गहूही दळला जातो तेथील ज्वारीचे पीठ, ज्वारी निर्दोष असूनही, भरवशाचे नाही. २०२० च्या भारतीय नियमांनुसार ग्लुटेनयुक्त धान्ये व दूध यांचा उल्लेख वेष्टनावर स्वतंत्रपणे करावा लागतो, तो शोधावा. शाकाहाराच्या हिरव्या खुणेवरून मात्र यांपैकी काहीच कळत नाही.

ही दोन्ही पथ्ये एकाच रुग्णाला का सांगितली जातात, याचे उत्तर रसांकुरांतच आहे. लॅक्टेज त्यांच्या टोकाशी असल्याने, ती झिजली की दूधही पचेनासे होते. ग्लुटेन वर्ज्य केल्यावर काही महिन्यांनी रसांकुर पुन्हा वाढतात व बहुधा दूध सोसू लागते. गहू मात्र जन्मभर बंद. यासाठी निदान पक्के हवे, आणि रक्तातील प्रतिद्रव्यांची चाचणी गहू सोडण्यापूर्वीच करावी लागते. तो सोडल्यावर प्रतिद्रव्ये ओसरतात, आणि रोग असूनही चाचणी नकारात्मक येऊ शकते.