वाकलेले ब्रेक पेडल : घरी काय सरळ करावे, काय टाकून द्यावे

सोलापूर जिल्ह्यात उसाचा हंगाम सुरू झाला की माळशिरस, पंढरपूर, मोहोळ भागातले रस्ते रात्रीसुद्धा थांबत नाहीत. दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर, उसाच्या बैलगाड्या, रस्त्यावर सांडलेल्या कांड्या आणि त्यातून वाट काढणारी आपली मोटारसायकल. मागे कारभारीण, मधे पोर, बाजूला दुधाची किटली. पुढची ट्रॉली एकाएकी थांबली, तर सगळ्यांचा जीव उजव्या पायाखालच्या एका पट्टीवर येतो.

काळ्या रानात गाडी उजव्या अंगाला घसरली की हे पेडल वाकते. बाजार दूर म्हणून घरीच हातोडी मारण्याचा मोह होतो. काही काम घरी होण्यासारखे आहेही, पण आधी ब्रेकची रचना समजून घ्यावी. पेडल दाबले की लांब दांडी ओढली जाते. दांडी मागच्या चाकाजवळची तरफ फिरवते. तरफेबरोबर ड्रममधला कॅम फिरतो आणि दोन्ही शू ड्रमला घट्ट टेकतात. म्हणजे एकदम ब्रेक मारताना सगळा जोर पेडलवर येतो. तडा गेलेले पेडल हळू चालवताना तग धरते आणि नेमके गरजेला मोडते.

तडा कसा शोधावा

पेडल खोलून माती धुवावी. रॉकेलमध्ये तासभर भिजवून कोरड्या फडक्याने पुसावे आणि वाकल्या जागी खडूची पूड चोळावी. तडा असेल तर आत शिरलेले रॉकेल पाझरून खडूवर ओली रेघ उमटते. रेघ दिसली की पेडल भंगारात टाकावे. रेघ दिसली नाही, पण वाक मोठा असेल किंवा पूर्वी एकदा सरळ केले असेल, तरीही नवेच घ्यावे.

सरळ करताना

वाक थोडा असेल तर पेडल गाडीवर ठेवून ठोकू नये. त्याने खिळ्याची जागा आणि फूटरेस्ट खिळखिळे होतात. पेडल शेगड्यात पकडावे, टोकावर पाइप चढवून थंडच, हळूहळू दाबावे. भट्टीत तापवू नये, तापवून पोलादाचा कस जातो. मग रॉकेल-खडूची परीक्षा पुन्हा घ्यावी. मोडलेले पेडल वेल्डिंगने जोडून वापरू नये. दांडी आट्यांजवळ वाकली असेल तर तीही बदलावी.

बसवल्यावर

पेडलच्या खिळ्याला थोडे ग्रीस लावावे, पण ग्रीसचा हात शूला लागू देऊ नये. तेलकट झालेला शू बदलावा. दांडीचा नट फिरवून पेडलची मोकळी चाल साधारण २० ते ३० मिलिमीटर ठेवावी. नटाची खाच पिनेवर नीट बसली पाहिजे. चाक उचलून फिरवावे, ते अडखळता कामा नये. स्प्लिट पिन नवी घालावी, तिच्या जागी तार नको. ब्रेकचा दिवा लागतो का तेही पाहावे.

बऱ्याच गाड्यांत मागच्या तरफेजवळ बाण असतो. ब्रेक दाबल्यावर तो खुणेला पोचला तर शू संपले. काही ठिकाणी तरफ एक दात पुढे सरकवून ब्रेक घट्ट करून देतात. तसे करू देऊ नये. त्याने बाण खोटा ठरतो आणि झिजलेला शू लपतो. ड्रम उघडलाच तर आतली धूळ तोंडाने फुंकू नये. जुन्या शूंमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते, ते फुप्फुसाला घातक आहे. ओल्या फडक्याने पुसावी.

गॅरेजचे काम

एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांना सीबीएस किंवा एबीएस सक्तीचे झाले. सीबीएसच्या गाडीत पेडल दाबले की पुढचा ब्रेकही लागतो, त्यामुळे दोन्हींचा मेळ गॅरेजमध्येच जुळवून घ्यावा. डिस्क ब्रेकचे तेल आणि नळीही घरी खोलू नये.

काम झाल्यावर गाडी लगेच रस्त्यावर काढू नका. अंगणात किंवा खळ्यावर एकट्याने, हळू चालवत दहा वेळा ब्रेक मारून पाहा. पेडल दर वेळी त्याच जागी लागले आणि सोडताच परत वर आले, तरच घरच्या माणसाला मागे बसवा.