आवडीची गाणी आणि कानातली शिट्टी

"सर, रात्री अंथरुणावर पडलं की कानात शिट्टी वाजायली. कुकर लावल्यागत." दोन महिन्यांपूर्वी बिडकीनच्या माझ्या दवाखान्यात आलेल्या एका तेवीस वर्षांच्या तरुणाची ही तक्रार. कंपनीत पाळीचे काम, प्रकृती धडधाकट. कान तपासले तर मळ नाही, पडदाही शाबूत. खोदून विचारले तेव्हा उलगडा झाला. सात-आठ मित्रांनी मोबाइलवर एक गट केला आहे. रोज प्रत्येकाने एक आवडते गाणे पाठवायचे आणि बाकीच्यांनी ते ऐकून दहापैकी गुण द्यायचे. गुण दिले नाहीत तर पाठवणारा रुसतो. त्यामुळे हा गडी कंपनीच्या बसमध्ये, जेवणाच्या सुटीत आणि रात्री झोपेपर्यंत कानात इअरफोन घालून बसलेला. दिवसाकाठी चार तास, आणि आवाज पूर्ण.

मी त्याला रागावलो नाही. रागावण्याचा मला अधिकारही नाही, कारण ही हौस आमच्या पिढीलाही होती. १९५२ साली नभोवाणी मंत्री झालेले डॉ. बाळकृष्ण केसकर यांनी आकाशवाणीवरील चित्रपटगीतांना कात्री लावली आणि श्रोते सिलोनकडे वळले. त्याच वर्षी ३ डिसेंबरला रेडिओ सिलोनवर 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. अमीन सयानी दर आठवड्याला कोणते गाणे कितव्या 'पायदान'वर आहे ते सांगत. तो क्रम दुकानांत खपलेल्या तबकड्या आणि गावोगावच्या श्रोता संघांची मते पाहून ठरे. मराठीत 'आपली आवड' होते. पोस्टकार्डावर गाण्याचे नाव लिहायचे, खाली घरातल्या सगळ्यांची नावे, आणि मग आपले नाव रेडिओवर कधी येते याची वाट पाहायची. आपल्याला आवडलेले गाणे इतरांनाही आवडावे, ही इच्छा पोस्टकार्डात होती तीच मोबाइलात आहे. अमीन सयानी २०२४ च्या फेब्रुवारीत गेले तेव्हा त्या तरुणाला हे नाव ठाऊक नव्हते. त्याच्या वडिलांनी मात्र त्या दिवशी जेवताना सगळी हकीकत सांगितली म्हणे.

इतरांच्या गुणांचा आपल्या आवडीवर किती परिणाम होतो, याचा एक प्रयोग अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांनी २००६ साली प्रसिद्ध केला. चौदा हजारांहून अधिक लोकांना संगणकावर अनोळखी वाद्यवृंदांची ४८ गाणी ऐकायला दिली. काहींना इतरांनी कोणते गाणे किती वेळा उतरवून घेतले ते दिसत होते, काहींना नव्हते. ज्यांना आकडे दिसत होते त्यांच्यात थोडी गाणी फार पुढे गेली आणि बाकीची मागे पडली. शिवाय प्रत्येक वेगळ्या गटात पुढे जाणारी गाणीही तीच नव्हती. माझ्या रुग्णानेही कबूल केले की निम्मी गाणी तो आवडतात म्हणून नव्हे, तर गुण द्यायचे म्हणून ऐकतो. म्हणजे कान झिजवायचे तेही दुसऱ्याच्या आवडीसाठी!

आता खरा फरक पाहू. रेडिओ फळीवर असे, आपण चार-पाच हात लांब. अंतर वाढले की आवाज झपाट्याने कमी होतो. सेल उतरू लागले की तो आणखी बारीक होई. आजचा इअरफोन कानाच्या नळीतच बसतो, पडद्यापासून बोटाच्या पेराइतक्या अंतरावर.

पडद्याच्या आत, शंखासारख्या वळलेल्या भागात, सूक्ष्म केसांच्या पेशी असतात. एका कानात सुमारे १५ हजार. आवाजाच्या लाटेने हे केस डोलतात आणि त्यातून मज्जातंतूमार्फत मेंदूला संदेश जातो. ज्वारीचे पीक वाऱ्याने वाकते आणि पुन्हा उभे राहते, तसेच हे. पण गारपिटीने आडवी झालेली ताटे उभी राहात नाहीत. माणसाच्या कानातील या पेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. त्यांना उगवणारे औषधही आज दुकानात मिळत नाही.

आवाज मोजण्याचे माप म्हणजे डेसिबल. हे माप किलो-लिटरसारखे सरळ चढत नाही, आणि तिथेच सर्वांची फसगत होते. आवाज तीन डेसिबलने वाढला की त्यातील शक्ती दुप्पट होते, दहाने वाढला की दहापट. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्या माणसांसाठी दिलेली मर्यादा अशी आहे: ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तास चालेल. ९० डेसिबल असेल तर आठवड्याला फक्त चार तास, ९५ असेल तर सव्वा तास, आणि १०० असेल तर वीस मिनिटे. लक्षात घ्या, हे दिवसाचे नव्हे, आठवड्याचे हिशेब आहेत. पूर्ण आवाजात पुष्कळसे मोबाइल शंभरच्या आसपास किंवा पुढेही जातात. आमच्या या तरुणाची आठवड्याची शिधा सोमवारी सकाळी कंपनीची बस पैठण रस्त्यावर येईपर्यंतच संपत होती. (वरातीच्या डीजेबद्दल मी मुद्दाम काही लिहीत नाही. तो विषय काढला की माझाच रक्तदाब वाढतो.)

बसच्या, मशीनच्या गोंगाटात आपण नकळत आवाज चढवतो. म्हणून गोंगाटात ऐकूच नये. एरवी मोबाइलच्या आवाजाची पट्टी साठ टक्क्यांच्या पुढे नेऊ नये आणि तासाभराने कान मोकळे करावेत. शेजारी बसलेल्याला तुमच्या कानातले गाणे ओळखू येत असेल तर आवाज जास्त आहे. एकमेकांचे इअरफोन घालण्याने कानाला खाज, बुरशी असे उद्योग मागे लागतात. मग लोक त्यावर गरम तेल सोडतात आणि माझ्याकडे येतात. तेल सोडू नये.

आवाजाने होणारे नुकसान आधी बारीक, उंच पट्टीच्या आवाजांचे होते, साधारण ४००० हर्ट्झच्या जवळपास. त्यामुळे सुरुवातीला बहिरेपणा वाटतच नाही. आवाज येतो, पण शब्द कळत नाही. 'सात' की 'हात' असा घोटाळा होतो, गर्दीत बोलणे समजत नाही. म्हाताऱ्या माणसांत हेच दिसले की घरचे म्हणतात, "त्यांना हवं तेवढंच ऐकू येतं." हळूहळू तो माणूस बोलण्यातून उठतो. मध्यम वयात ऐकू कमी येणे हे पुढे स्मृतिभ्रंश होण्याच्या टाळता येण्याजोग्या मोठ्या कारणांपैकी एक आहे, असे 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ समितीने २०२४ मध्ये पुन्हा नोंदवले आहे. डोळ्याला चष्मा लावतो तसे कानाला यंत्र लावण्यात कमीपणा मानू नये.

इथे मला माझी एक चूक सांगितली पाहिजे. काही वर्षांपूर्वी चाळिशीच्या एक बाई आल्या. सकाळी अभंग ऐकताना एका बाजूचे गाणे बंद झाले. इअरफोन बिघडला असे वाटून त्यांनी तो उलटा करून घातला, तरी त्याच कानात आवाज नाही. त्यांना सर्दी होती. मी दडा बसला असेल म्हणून गोळ्या दिल्या आणि आठ दिवसांनी बोलावले. तो दडा नव्हता. आतल्या कानाला अचानक आलेला बहिरेपणा होता. यात स्टिरॉइडचे उपचार पहिल्या दोन-तीन दिवसांत सुरू झाले तर कान परत येण्याची शक्यता जास्त असते. आम्ही आठ दिवस घालवले. त्यांचा तो कान पुरता परत आला नाही. त्या अजून माझ्याकडेच येतात, आणि मी दर वेळी त्यांच्या चांगल्या कानाच्या बाजूला खुर्ची घेतो.

तेव्हापासून मी एक साधी खूण पाहतो. ती वाचकांनीही पाहावी. एक कान अचानक बंद झाला तर तोंड मिटून 'हूं' असा आवाज काढा. तो बंद कानात मोठा वाटला तर बहुधा मळ किंवा दडा आहे. चांगल्या कानात मोठा वाटला तर आतल्या कानाची शंका धरून त्याच दिवशी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जावे. खूण नीट कळली नाही तरीही जावे. आपल्या जिल्ह्यात घाटी रुग्णालयात हा विभाग आहे.

त्या तरुणालाही मी ऐकण्याची तपासणी करायला पाठवले. डाव्या कानाच्या आलेखात ४००० हर्ट्झपाशी खड्डा निघाला. तो भरून येणार नाही. इअरफोन बंद केल्यावर तीन आठवड्यांनी शिट्टी कमी झाली. झोपताना पंखा चालू ठेवला की जाणवत नाही म्हणतो. मित्रांच्या गाण्यांना गुण देणे चालू आहे, आता मोबाइल टेबलावर ठेवून, हळू आवाजात. सहा महिन्यांनी आलेख पुन्हा काढायचा आहे.