बांधावरील झाड आणि शेजाऱ्याचे ऊन

दक्षिणेकडील शेजाऱ्याच्या बांधावर लिंबाची अगर बाभळीची जुनी झाडे असली, म्हणजे उत्तरेकडील शेतात रब्बी ज्वारीची बांधालगतची पाचसहा तासे खुजी राहतात व कणसे भरत नाहीत. शेतमालक दरसाल हे पाहतो आणि एके दिवशी कुऱ्हाड तरी उचलतो, नाहीतर वकिलाचे घर गाठतो. प्रस्तुत लेखकाच्या पाहण्यातील दोन चुलत बंधूंचा असा दावा सात वर्षे चालला. लिंबाच्या लाकडाची किंमत पहिल्या दोन वर्षांच्या तारखांतच संपली.

सावलीचे गणित सोपे आहे. डिसेंबरअखेर सूर्य माध्यान्हीदेखील दक्षिणेकडे कललेला असतो. पुण्याच्या अक्षांशावर त्या वेळी 30 फूट उंचीच्या झाडाची सावली भर दुपारी उत्तरेस सुमारे 27 फूट पडते, आणि ज्वारी निसवण्याचा काळ नेमका त्याच सुमाराचा. खरिपात सूर्य डोक्यावर असल्याने दुपारची सावली बुंध्याभोवतीच राहते. बांध दक्षिणोत्तर असेल तर ती सकाळी पश्चिमेस व दुपारनंतर पूर्वेस पडून नुकसान विभागले जाते.

आता कायदा. 1882च्या भारतीय सुविधाधिकार अधिनियमाच्या कलम 15 अन्वये वीस वर्षांच्या अखंड उपभोगाने उजेडाचा हक्क मिळतो, पण तो इमारतीसाठी. मोकळ्या जमिनीवरील उजेड व वारा यांचा हक्क अशा वहिवाटीने मिळत नाही, असे कलम 17 स्पष्ट सांगते. वडील बंधूंचा दावा याच खडकावर फुटला. आपल्या हद्दीत आलेल्या फांद्यांची गोष्ट निराळी. त्या हद्दीपर्यंत छाटता येतात. मात्र शेजाऱ्याच्या शेतात शिरून नव्हे, आणि लाकूड झाडाच्या मालकाचेच राहते. आंबा, चिंच, जांभूळ, साग, मोह अशी 1964च्या वृक्षतोड अधिनियमाच्या अनुसूचीतील झाडे तोडण्यास खुद्द मालकालाही परवानगी लागते. त्यांच्या फांद्यांना हात लावण्यापूर्वीही चौकशी करावी.

तेव्हा ग्रामकार्यकर्त्यांनी प्रथम झाड कोणाच्या हद्दीत आहे ते पाहावे. संशय असल्यास भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून घ्यावी. नंतर दोघांना बांधावर एकत्र बसवून लिंब-बाभळीच्या खालच्या व उत्तरेकडील फांद्या रब्बीच्या पेरणीपूर्वी उतरविण्याचे ठरवावे. सावलीइतकेच नुकसान मुळ्या करतात, हे बहुधा ध्यानात येत नाही. त्यासाठी पीडित शेतकऱ्याने स्वतःच्या हद्दीत, बुंध्यापासून आठदहा फुटांवर, दोनतीन फूट खोल चर घ्यावा. चर बुंध्यास भिडविल्यास मोठी मुळे तुटून झाड वाऱ्याने कलंडते व नवाच दावा उभा राहतो.

त्या बंधूंचा लिंब अद्याप उभा आहे. दर भाद्रपदात धाकटे बंधू उत्तरेकडील फांद्या उतरवितात. पाला थोरल्यांच्या शेळ्यांना जातो. बोलणे मात्र अजून पुरतेसे सुरू झालेले नाही.