तेजावरून नव्हे, उष्णतेवरून पारख

सांगलीच्या हळदबाजारात जाणता व्यापारी केवळ वरच्या झळाळीवर सौदा ठरवीत नाही. तो हळकुंड मोडून आतला रंग पाहतो. लघुग्रहांच्या अभ्यासकांनाही अशीच पारख करावी लागते.

लघुग्रह म्हणजे सूर्याभोवती फिरणारे लहानमोठे खडक. त्यांना स्वतःचा प्रकाश नाही. सूर्याचा प्रकाश परतवतात म्हणून ते दुर्बिणीतून दिसतात. काही कोळशासारखे काळे असून पडलेल्या प्रकाशापैकी जेमतेम ४ टक्के परतवतात, तर काही २५ टक्क्यांपर्यंत. त्यामुळे सारख्या अंतरावर, सारख्याच तेजाने दिसणाऱ्या दोन लघुग्रहांपैकी काळ्याचा व्यास उजळाच्या अडीचपट असू शकतो. व्यास अडीचपट, म्हणजे घनफळ पंधरा पटींहून अधिक!

हा हिशेब केवळ कागदावरचा नव्हे. साताऱ्याचा अजिंक्यतारा ज्या दख्खनी बेसाल्ट खडकाचा आहे, त्याच जातीच्या खडकात, बुलढाणा जिल्ह्यात, आकाशातून आलेल्या एका आघाताने लोणारचे सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर घडविले. येणाऱ्या खडकाचे आकारमान चुकले, तर संकटाचा अंदाजही चुकतो.

यावर उपाय उष्णतेत सापडला. काळा खडक प्रकाश कमी परतवतो, पण ऊन अधिक शोषतो. मग तीच उष्णता तो अवरक्त किरणांच्या रूपाने बाहेर टाकतो. डोळ्यांना न दिसणारे हे किरण मोजले, की रंगाने होणारी फसगत पुष्कळशी टळते आणि खऱ्या आकाराचा अंदाज हाती येतो.

अडचण आहे ती हवेची. हवेतील बाष्प हे किरण बरेचसे शोषून घेते. शिवाय उबदार हवा आणि दुर्बीण स्वतःही असेच किरण सोडतात. म्हणूनच लडाखमधील हानले येथे, सुमारे ४,५०० मीटर उंचीवरील कोरड्या हवेत, आपली हिमालयीन चंद्रा दुर्बीण उभी आहे. तिच्यावर मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे ‘टर्स्पेक’ हे अवरक्त उपकरण बसविले गेले. परंतु लघुग्रहांच्या उष्णतेचे किरण संपूर्ण आकाशभर टिपायचे, तर अवकाशातच जावे लागते.

अमेरिका, नेदरलँड्स व ब्रिटन यांच्या ‘आयरास’ उपग्रहाने १९८३ मध्ये असे पहिले मोठे सर्वेक्षण केले. पुढे २००९ मध्ये ‘वाइज’ दुर्बीण अवकाशात गेली. ‘निओवाइज’ या नावाने तिने २०२४ पर्यंत पृथ्वीजवळच्या लघुग्रहांचा माग काढला. आता ‘निओ सर्व्हेयर’ ही नवी अवरक्त दुर्बीण तयार होत आहे. १४० मीटरांहून मोठे, विशेषतः काळे म्हणून नजरेतून सुटलेले लघुग्रह शोधणे, हे तिचे प्रमुख काम.

या शोधांपैकी एकाची साक्ष आपल्यालाही पाहता येते. ‘आयरास’ला ऑक्टोबर १९८३ मध्ये ‘फेथॉन’ हा लघुग्रह सापडला. दरवर्षी डिसेंबरच्या मध्यास मिथुन राशीतून बरसणाऱ्या उल्का त्याच्याच मार्गावर विखुरलेल्या कणांच्या आहेत, हे त्यानंतर उमगले. १३ डिसेंबरच्या रात्री, चंद्रप्रकाश नसल्यास, मिरजेजवळील दंडोबाच्या परिसरातून किंवा वाईकडच्या एखाद्या मोकळ्या माळावरून त्या सहज दिसतात. मुलाबाळांसह पाहाव्यात. दुर्बिणीची गरज नाही. अंधार, उबदार कपडे आणि थोडा धीर एवढे पुरे.