ओढणारा एक, खोकणारे चार

बिडी-सिगारेट मी जन्मात ओढली नाही. तरीही नोकरीच्या पहिल्या वर्षांत संध्याकाळी घरी आलो की आई दारातच विचारायची, "आज किती ओढल्यास?" शर्टाला वास यायचा. तो शेजारच्या टेबलाचा असायचा.

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे भूकंप झाला. त्यानंतर तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यातल्या एका कचेरीत आम्ही याद्या आणि पंचनामे घेऊन रात्र रात्र बसत होतो. पाऊस आत येतो म्हणून खिडक्या बंद. आमचे अव्वल कारकून अण्णा म्हणजे कामाला वाघ! पण एक सिगारेट विझायच्या आत दुसरी पेटायची. समोरच्या टेबलावरच्या बाईंना सहावा महिना होता. पदर नाकाला लावून त्या बेरजा करायच्या. सगळ्यांना दिसत होतं, पण वडीलधाऱ्या माणसाला सांगायचं कसं? आम्ही फक्त पंखा लावायचो.

पंख्याने धूर जात नाही, तो सगळ्यांना वाटला जातो. सिगारेटच्या जळत्या टोकाचा धूर तर कुठल्याही फिल्टरमधून न जाता थेट खोलीत येतो. नवऱ्याच्या धूम्रपानामुळे न ओढणाऱ्या बायकोलाही फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका वाढतो, हे जपानच्या ताकेशी हिरायामा यांनी 1981 मध्येच दाखवलं होतं. घरात जे घडतं, तेच कचेरीतही घडतं. अशा धुरात राहणाऱ्यांना या कर्करोगाचा आणि हृदयविकाराचा धोका साधारण 20 ते 30 टक्के जास्त असतो. गरोदर बाईच्या बाळाचं वजन कमी भरू शकतं.

मुरली देवरा यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने 2001 मध्ये सार्वजनिक ठिकाणच्या धूम्रपानाला बंदी केली. 2003 मध्ये कायदा झाला आणि 2 ऑक्टोबर 2008 पासून नव्या नियमांनी कामाच्या जागाही स्पष्टपणे बंदीत आल्या. दंड 200 रुपयांपर्यंत. कचेरीत रक्षापात्र ठेवायचं नाही, आणि जबाबदारी कचेरीच्या प्रमुखाचीही.

आमच्याकडे मात्र कायद्याच्या कितीतरी आधी बाईच बोलल्या. एका रात्री हळूच म्हणाल्या, "अण्णा, माझं काही नाही, पण पोटात लेकरू आहे."

अण्णांनी हातातली सिगारेट विझवली. त्यानंतर ते व्हरांड्यातच जाऊन ओढायचे. दुसऱ्या दिवशी मला म्हणाले, "तू रोज शेजारी खोकत होतास. आधी का नाही सांगितलंस रे?"

या प्रश्नाला माझ्याकडे आजही उत्तर नाही. भिंतीवर पाटी लागली, तरी कुणीतरी तोंड उघडावं लागतंच. उद्या सोमवार आहे. तुमच्या शेजारी असा एखादा अण्णा असेल, तर त्याला प्रेमाने सांगा. तो कदाचित तुमच्या सांगण्याचीच वाट पाहत असेल.